राजधानी, लोकल आणि घरातला राउटर

रात्री नऊच्या सुमारास बोईसरच्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात घटकाभर उभे राहा. कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून आवाज येतोच : "ए, कोणी डाउनलोड लावलंय रे?" आणि लगेच आतल्या खोलीतून उत्तर : "मी नाही!" गंमत म्हणजे हे उत्तर बहुतेकदा खरं असतं.

असं एक घर धरू. वडील एमआयडीसीत पहिल्या पाळीला, म्हणून जेवून लवकर आडवे झालेले. मोठा मुलगा कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळतोय. धाकटा पलंगावर लोळत मोबाइलवर बीजीएमआय. सुट्टीला विरारहून आलेल्या मावसभावानं टीव्हीला प्लेस्टेशन जोडून फुटबॉल लावलाय. आई ओटा आवरतेय आणि तिचा फोन फ्रिजवर चार्जिंगला आहे. ती दुपारी चिंचणीला एका हळदीला जाऊन आली. फोनमध्ये दोनशे फोटो आणि दहा-बारा व्हिडिओ. फोनला चार्जर मिळाला, घरचं वायफाय मिळालं आणि त्यानं कुणाला न विचारता ते सगळं बॅकअपला पाठवायला घेतलं. इकडे तिन्ही पडद्यांवर पिंगचा आकडा २५ वरून थेट ४०० वर. मोठ्याचा खेळाडू भिंतीला धडका देत राहतो, धाकट्याची जीप हवेत लटकते, मावसभावाचा गोलकीपर चेंडू जाळ्यात गेल्यावर उडी मारतो. तिघं एकमेकांवर ओरडतात. आईवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पुढच्या महिन्यात वडील वैतागून १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतात. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आजार रांगेचा आणि औषध रुंदीचं, मग दुसरं काय होणार?

आधी पिंग म्हणजे काय ते बघू. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या प्रोग्रामरनं एक छोटासा प्रोग्राम लिहिला. समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. नाव त्यानं सोनार यंत्राच्या आवाजावरून घेतलं. सातपाटीच्या बोटीवर मासे हुडकायला जे यंत्र लावतात त्याचंही तत्त्व हेच : पाण्यात आवाज सोडायचा आणि तो माशांच्या थव्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा. खेळाच्या कोपऱ्यात हिरवा, पिवळा, लाल होणारा आकडा हा तुमच्या हाकेला सर्व्हरची ओ यायला लागलेला वेळ असतो, मिलिसेकंदांत. हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद.

आता हा वेळ जातो कुठे ते मोजून पाहू, कारण सगळं रहस्य या हिशेबात आहे. बोईसर ते मुंबई रेल्वेनं शंभरेक किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जायला अर्धा मिलिसेकंद, यायला अर्धा. तार वळणावळणानं गेली असं धरलं तरी दोन-तीन. बाकीचे वीसेक मिलिसेकंद वायफायचे, वाटेतल्या यंत्रांचे आणि सर्व्हरचे. व्हॅलोरंटला मुंबईत सर्व्हर आहेत, त्यामुळे या बाबतीत पालघर जिल्ह्यातली पोरं नशीबवान. कुणी चुकून सिंगापूरचा सर्व्हर निवडला, तर मुंबईपासून सरळ रेषेतलं अंतरच ३,९०० किलोमीटरच्या आसपास; नुसत्या प्रकाशाच्या येण्याजाण्याला चाळीसेक मिलिसेकंद लागणार. ते निसर्गाचं भाडं आहे, कुठल्याही प्लॅननं माफ होत नाही.

पण ४००? चारशे मिलिसेकंदांत काचेतला प्रकाश ८० हजार किलोमीटर जातो, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या. मोठ्याची गोळी मुंबईला जाताना पृथ्वीला दोन फेऱ्या मारून गेली, हे काही पटण्यासारखं नाही. म्हणजे ती चालत नव्हती. कुठंतरी उभी होती.

ती दाराच्या वर खिळ्याला टांगलेल्या राउटरच्या पांढऱ्या डब्यात उभी होती.

खेळाला खूप नेट लागतं, हा समजही इथंच बाजूला ठेवू. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण प्रत्येक वेळी जाणारा मजकूर चिमूटभर असतो : मी इथे आहे, इकडे बघतोय, बटण दाबलं. एका खेळाडूचं काम साधारणपणे १ एमबीपीएसच्या आतच भागतं. १०० च्या प्लॅनवर आपली तीन पोरंच काय, अख्खा मजला खेळू शकेल. खेळाचं अपडेट वीस-तीस जीबीचं असतं ते वेगळं. ते म्हणजे सामान आणणं, खेळणं नव्हे.

खेळाला हवी असते ती वेळेवर सुटका. आणि ही गोष्ट पालघर-बोईसरच्या माणसाला जितकी चटकन समजेल तितकी दुसऱ्या कुणाला समजणार नाही, कारण तो रोज लोकलनं जातो. डहाणू रोडपर्यंत लोकल आली २०१३ साली, पण विरारच्या पुढं वर्षानुवर्षं रूळ दोनच : एक जायचा, एक यायचा. त्यावरच लोकल, त्यावरच गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या आणि त्यावरच राजधानी. मागून राजधानी येत असली की लोकल केळवे रोडला किंवा पालघरला बाजूला घेऊन थांबवतात. तुमची लोकल धावायला कमी पडत नसते. तिला पुढं जायला जागा नसते. इंजिन कितीही जोरदार लावा, उभ्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

आपल्या घरात १०० खाली आणि १० वर असा प्लॅन आहे असं धरू. म्हणजे डाउनलोडला १००, अपलोडला १० एमबीपीएस. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो डाउनलोडचा आकडा. आईचे व्हिडिओ अपलोडच्या रुळावरून जातात. डब्यात येणाऱ्या पॅकेटांसाठी, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांसाठी, एक प्रतीक्षागृह असतं, त्याला बफर म्हणतात. समजा ते १ एमबीचं आहे, म्हणजे ८० लाख बिट. सेकंदाला १ कोटी बिट बाहेर जात असतील, तर भरलेलं प्रतीक्षागृह रिकामं व्हायला ०.८ सेकंद. अर्धंच भरलेलं असलं तरी ०.४. हेच ते आपले ४०० मिलिसेकंद. धाकट्याची "गोळी झाडली" ही चिमूटभर खबर आईच्या हळदीच्या व्हिडिओमागे रांगेत उभी राहते. अपलोड दुप्पट झालं तर ४०० चे २०० होतील. पण फोनही तेवढ्याच जोमानं माल लोटायला लागेल आणि प्रतीक्षागृह पुन्हा गच्च.

फोन इतका हावरट का? त्याची कथा १९८६ सालापासून सुरू होते. त्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातलं नेटवर्क अक्षरशः बसलं. अंतर अवघं ४०० यार्ड, म्हणजे बोईसरच्या बाजारात दोन चकरा मारण्याइतकं. सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० वर आला : सेकंदाला पाच अक्षरं! कारण असं होतं. पॅकेट पोचलं नाही की प्रत्येक कॉम्प्युटर ते पुन्हा पाठवायचा, त्यामुळे गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसननं यावर तोडगा काढला, तो १९८८ च्या त्याच्या निबंधात आहे आणि जगातलं इंटरनेट आजही त्याच्याच वंशावर चालतं. हळूहळू वेग वाढवत जा. पॅकेट हरवलं की समजा पुढं गर्दी आहे, आणि वेग कमी करा. हरवलेलं पॅकेट हा निरोप.

पुढं मेमरी स्वस्त झाली. यंत्रं बनवणाऱ्यांना वाटलं, पॅकेट हरवणं म्हणजे नामुष्की, तेव्हा प्रतीक्षागृह मोठं करा. मोठं केलं. आता पॅकेट हरवतच नाही, उभं राहतं. आणि हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा निरोपच मिळत नाही. तो वेग वाढवतच राहतो. २०१० मध्ये जिम गेटिस या नामांकित अमेरिकी प्रोग्रामरला स्वतःच्या घरी मोठी फाइल चढवताना सगळ्या घराचं नेट आचके देताना दिसलं, त्यानं ते खोदून काढलं आणि या रोगाला नाव दिलं : बफरब्लोट, म्हणजे प्रतीक्षागृहाचं सुजणं. माणूस अनुभवी, घर सधन, रोग मात्र आपल्या फ्रिजवरच्या फोनचाच. मला या गोष्टीचं नेहमी बरं वाटतं.

उपाय २०१२ मध्ये आला. कॅथलीन निकोल्स आणि तोच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. प्रतीक्षागृहात किती पॅकेटं आहेत हे मोजूच नका, प्रत्येकाला किती वेळ ताटकळावं लागलं ते मोजा. ५ मिलिसेकंदांहून जास्त ताटकळणं सतत १०० मिलिसेकंद चाललं, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्या, म्हणजे मागच्याला निरोप पोचेल. याला जोड मिळाली वेगळ्या रांगांची. एकच रांग न लावता प्रत्येक प्रवाहाला त्याची रांग : आईच्या बॅकअपची वेगळी, व्हॅलोरंटची वेगळी, बीजीएमआयची वेगळी, आणि खिडकीवरचा माणूस प्रत्येक रांगेतलं थोडं थोडं घेत फिरत राहतो. ज्याची रांग लागतच नाही, जो अधूनमधून चिमूटभर घेऊन येतो, त्याला आल्या आल्या सोडायचं. या जोडपद्धतीला एफक्यू-कोडेल म्हणतात आणि तिची सुधारलेली धाकटी बहीण म्हणजे केक. दोन्ही लिनक्समध्ये आहेत, फुकट आहेत.

यातली खरी खुबी एका घरात अनेक खेळाडू असले की कळते. बाजारात "गेमिंग राउटर" म्हणून लाल दिव्यांचे, आठ शिंगांचे राउटर मिळतात. त्यांत एक सोय असते : अमुक यंत्राला अग्रक्रम द्या. ही राजधानीची पद्धत. मोठ्या मुलाच्या कॉम्प्युटरला अग्रक्रम दिला, त्यानं खेळता खेळता नव्या खेळाचं डाउनलोड लावलं, तर तेही राजधानीच्या डौलात निघतं आणि धाकट्याची लोकल केळवे रोडला. मग धाकटा राउटरचा पासवर्ड मिळवतो आणि अग्रक्रम स्वतःला देतो. मी असं भांडण दोन घरांत मिटवलंय, म्हणून सांगतो : अनेक खेळाडूंच्या घरात कुणालाही अग्रक्रम देऊ नका. वेगळ्या रांगांच्या पद्धतीला कोण मोठा, कोण महत्त्वाचा हे सांगावं लागत नाही. घरात आजी असेल तर तिचा पुण्याच्या नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉलही त्यातच सुरळीत चालतो, आणि आजीनं त्यासाठी कुणाकडे वशिला लावलेला नसतो. विरार–डहाणू चौपदरीकरणाकडे प्रवासी डोळे लावून बसले तेही याचसाठी. रूळ वाढण्यापेक्षा लोकलचे रूळ वेगळे होणं त्यांना हवं आहे.

आता प्रत्यक्ष काम. रोग आहे की नाही ते आधी तपासा. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडा, काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा सुरू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. आकडा पाच-दहानं वाढला तर तुमचं घर निरोगी आहे, वाचायचं थांबवून खेळायला जा. शंभरानं वाढला तर पुढं वाचा.

वेग तीन वेळा मोजा : सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला. त्यातला सर्वांत कमी आकडा घ्या, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींचा. मग राउटरच्या पानावर क्यूओएस, एसक्यूएम, स्मार्ट क्यू किंवा बँडविड्थ कंट्रोल अशा कुठल्या तरी नावाखाली दडलेली जागा शोधा आणि तिथे त्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के भरा. अपलोड ९.४ मिळत असेल तर ८.५. पद्धत निवडायला विचारलं तर केक, ते नसेल तर एफक्यू-कोडेल. लोकांना हे पटत नाही : पैसे देऊन घेतलेला वेग आपण होऊन का सोडायचा? कारण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा नेटवाल्याच्या डब्यात असेल तर तिथला कारभार त्याचा. तुम्ही स्वतःचं दार त्याच्या दारापेक्षा थोडं अरुंद केलं की रांग तुमच्या अंगणात येते आणि तिथं तुमचे नियम चालतात. दहा टक्के वेग हे त्या अंगणाचं भाडं.

एक खड्डा : ही जागा बहुतेक वेळा आकडा केबीपीएसमध्ये मागते. ८.५ एमबीपीएस म्हणजे तिथे ८५०० लिहायचे. पहिल्यांदा करताना मी ऐटीत अपलोडच्या घरात ९ लिहिले आणि सेव्ह दाबलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस होता. त्या संध्याकाळी माझं घर त्याच्याही मागं गेलं होतं. ती चूक दुरुस्त करायला राउटरचं पान उघडायचं, तर तेही उघडायला तयार होईना असं वाटण्याइतका मी घाबरलो होतो. अर्थात ते उघडलं, कारण ते घरातल्या घरात होतं. दुसरा खड्डा : राउटरमध्ये हार्डवेअर एनएटी किंवा ऑफलोड नावाचं बटण असेल तर ते बंद करा. ते पॅकेटांना चोरवाटेनं पुढं काढतं आणि तुमची रांग नुसती शोभेची राहते.

नेटवाल्यानं दिलेल्या डब्यात ही सोय नसली, आणि पुष्कळदा ती नसते, तर स्वतःचा राउटर घ्यावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर चालणारा साधा राउटर पुरतो, शिंगांची गरज नाही. मात्र दोनशे-तीनशेच्या वर वेग असेल तर जरा दमदार प्रोसेसर बघा, कारण रांगा लावणं हे हिशेबाचं काम आहे. नेटवाल्याला सांगा, डबा ब्रिज मोडवर टाक. मग तो फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करेल आणि पत्त्यांचा कारभार तुमच्या राउटरकडे येईल. तो नाही म्हणाला तर दोन राउटर एकामागे एक चालतात, पण मग पत्त्यांचा घोळ दुप्पट होतो.

हा पत्त्यांचा घोळ काय आहे? जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जगाला ती पुरणार नाही हे नव्वदच्या दशकातच दिसत होतं. म्हणून १९९४ मध्ये एनएटीची युक्ती मांडली गेली : घराला बाहेर एकच पत्ता, आत १९२.१६८ नं सुरू होणारे खासगी पत्ते, आणि राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. आतून कोण कुणाला पत्र पाठवतं ते तो वहीत लिहितो आणि उत्तर आलं की वही बघून खोली सांगतो. पण आधी पत्र न जाता बाहेरून अचानक कुणी आलं, तर वॉचमनला ते कुणाकडे पाठवायचं ते कळत नाही. तो परत पाठवतो. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर "एनएटी स्ट्रिक्ट" किंवा "टाइप ३" दिसतं ते हेच. व्हॅलोरंट आणि बीजीएमआय कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना याचा फारसा त्रास नाही. त्रास होतो तो मित्राच्याच यंत्रावर भरणाऱ्या खेळाला आणि गप्पांना.

एका घरात दोन एक्सबॉक्स असले की दोघांनाही ३०७४ क्रमांकाचंच दार हवं असतं. हाताने पोर्ट फॉरवर्ड करून ते एकाला दिलं की दुसरा रुसतो. त्याऐवजी यूपीएनपी चालू ठेवा. मग प्रत्येक यंत्र वॉचमनशी स्वतः बोलून मोकळं दार मागून घेतं. यूपीएनपीनं घरातला एखादा बिघडलेला कॅमेराही दार मागू शकतो हे खरं आहे, तेव्हा महिन्यातून एकदा ती यादी बघावी. यूट्यूबवर "डीएमझेड चालू करा, सगळं सुटेल" असं सांगणारे भेटतील. ते म्हणजे वॉचमनला घरी पाठवून गेट उघडं टाकणं. करू नका.

एवढं करूनही दार उघडत नसेल तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर नेटवाल्यानंही अख्ख्या वस्तीसाठी एकच पत्ता ठेवलाय : कॉलनीच्या गेटवर एक वॉचमन, मग बिल्डिंगच्या गेटवर दुसरा. त्यासाठी २०१२ मध्ये हे पत्ते खास राखून ठेवले गेले. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे नेहमीचे पत्ते २०११ च्या एप्रिलमध्येच जवळपास संपले होते. इथे तुमच्या गेटवर कितीही खिडक्या उघडा, पाहुणा कॉलनीच्या गेटवरच अडतो. उपाय दोन : जादा पैसे देऊन पक्का पत्ता घेणं, किंवा राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू करणं. नव्या पद्धतीत पत्ते इतके आहेत की वॉचमनच्या वहीची गरजच उरत नाही, आणि भारतात ती चांगलीच पसरली आहे. बटण मात्र अनेक डब्यांत बंदच सापडतं.

आता वायफाय. जो खेळाडू एका जागी बसून खेळतो, त्याला वायर. कॉम्प्युटरला वायर, प्लेस्टेशनला वायर. पंधरा मीटर कॅट-६ केबल भिंतीच्या कडेनं नेली तर घर कुरूप दिसतं हे मान्य, पण ती वायर वायफायची अर्धी गर्दीही कमी करते. वायफाय म्हणजे पंगतीतल्या गप्पा : एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कोपऱ्यातल्या खोलीतला जुना फोन हळू बोलतो, म्हणून त्याच्या एका वाक्याला दुसऱ्याच्या दहा वाक्यांचा वेळ लागतो. तो बोलत असताना सगळी पंगत गप्प. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आणि बोईसरच्या चार मजली इमारतीत फोन उघडला तर वीस-पंचवीस वायफायची नावं दिसतात. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचे हेडफोनही तिथेच कलकलाट करतात. खेळणाऱ्या मोबाइलला ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. आपल्याकडे या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. त्याला भिंती फार ओलांडता येत नाहीत, आणि दाट वस्तीत हाच त्याचा गुण : शेजाऱ्याचा आवाजही तुमच्याकडे येत नाही. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे फोन स्वतःच्या मर्जीनं इकडून तिकडे उड्या मारणार नाही.

डबा टांगलेला असतो दारावर, कारण वायर तिथून आत येते. मधे लोखंडी कपाट, आरसा, आरसीसीची भिंत. फायबर घरात चार मीटर आत आणून द्यायला सांगा. काच वाकते, फक्त फार घट्ट मुडपू नये. पत्र्याच्या चाळीत एकाच राउटरवर चार खोल्या चालतात, तिथे शेजारच्या खोलीपर्यंत वायर नेऊन दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणं हे रिपीटरपेक्षा कितीतरी बरं. रिपीटर ऐकलेलं वाक्य पुन्हा बोलतो, म्हणजे पंगतीतला वेळ दुप्पट खातो.

समुद्राकडच्या गावांची एक वेगळी तक्रार असते. नांदगाव, दांडी, चिंचणी, सातपाटी इथल्या खाऱ्या हवेत उघड्यावरचे तांब्याचे जोड हिरवट पडतात. काचेला गंज चढत नाही, पण गच्चीवरून खाली आणलेल्या लॅन वायरच्या टोकाला चढतो. पिंग दर काही मिनिटांनी उसळून खाली येत असेल तर सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी ती टोकं बदला. फायबरची तब्येत डब्याच्या पानावर आरएक्स पॉवर या नावाखाली दिसते. उणे २० च्या आसपास उत्तम. उणे २७ च्या पलीकडे म्हणजे जेमतेम धुगधुगी. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २१ वरून उणे २७ म्हणजे चौथाई. पहिल्या वादळी पावसानंतर झाडाच्या फांदीनं ओढलेली वायर इथेच पकडता येते, लाल दिवा लागण्याच्या आधी.

काही गोष्टी मात्र तुमच्या हातात नाहीत. जीपॉन नावाच्या ज्या पद्धतीनं बहुतेक घरांत फायबर येतं, त्यात एका तंतूवर ३२ किंवा ६४ घरं असतात आणि सगळ्यांत मिळून खाली २.४८८ आणि वर १.२४४ जीबीपीएस. रात्री नऊला अख्खी गल्ली एकदम नेटवर बसली आणि नेटवाल्याकडचा पुढचा रस्ता अरुंद असला, तर तुमच्या अंगणातली शिस्त तिथपर्यंत पोचत नाही. वायरनं जोडलेल्या लॅपटॉपवर, घरातलं बाकी सगळं बंद करून, रोज फक्त रात्रीच पिंग वाढत असेल, तर आकडे वहीत टिपून नेटवाल्याला दाखवा. "स्लो चाललंय" या तक्रारीपेक्षा चार रात्रींच्या आकड्यांना जास्त मान मिळतो.

दुसरी गोष्ट वीज. तारापूरला १९६९ पासून अणुऊर्जेची वीज बनते, आणि दहा किलोमीटरवरच्या घरात मॅच रंगात आलेली असताना बत्ती जाते. यावरचे विनोद इथल्या माणसाला पाठ आहेत. वीज एका क्षणासाठी जरी लुकलुकली तरी डबा पुन्हा सुरू होऊन पत्ता मिळवेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर संघ हरलेला असतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा वहीएवढा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवर किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघून घ्या. मोबाइलवर खेळणारा धाकटा तेवढ्यावर अंधारातही खेळत राहतो.

घरातला शेवटचा बंदोबस्त राउटरमध्ये नाही. स्टीममध्ये अपडेट ठरावीक वेळेतच घ्यायची सोय आहे, ती पहाटेवर टाका. विंडोज तुमच्याकडे आलेलं अपडेट तुमच्याच अपलोडवरून परक्या कॉम्प्युटरांना वाटू शकतं. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन ते बंद करा. आईच्या फोनला मात्र हात लावू नका. रांग नीट लागली असेल तर हळदीचे फोटोही जातील आणि पिंग २५ चा फार तर ३२-३५ होईल.

सगळं जमलं की राउटरच्या पानावरून सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा, आणि तेच आकडे एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीत आतून चिकटवा : वेगाचे दोन आकडे, चॅनल, नेटच्या लॉगिनचं (पीपीपीओई) नाव आणि पासवर्ड. पावसाळ्यात कधीतरी तुम्ही कामावर असताना नेटवाल्याचा पोरगा येणार, लाल दिवा बघणार, खिशातून पिन काढून डब्याच्या मागच्या त्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरणार आणि "झालं काकू, चालू झालं" म्हणून निघून जाणार. त्या रात्री नऊ वाजता जिन्यात पुन्हा ओरडा ऐकू आला, तर कागद कुठं आहे ते धाकट्याला माहीत असलेलं बरं.